उतारावर एक सूत्र, वळणावर दुसरं: बलाचे घटक मुलांना शिकवायचे कसे?

कोनमापक

गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने वही माझ्यापुढे धरली. वहीत एकाखाली एक दोन ओळी होत्या. पहिली ओळ उतारावर स्थिर ठेवलेल्या ठोकळ्याची: अभिलंब बल (पृष्ठभाग वस्तूला स्वतःशी काटकोनात ढकलतो ते बल) = वजन × कोसाइन थीटा, थीटा म्हणजे उताराचा कोन. दुसरी ओळ बँकिंग केलेल्या, म्हणजे बाहेरची कड उंच ठेवलेल्या, गुळगुळीत वळणावरून जाणाऱ्या गाडीची: अभिलंब बल × कोसाइन थीटा = वजन. दोन्ही ओळी मीच फळ्यावर लिहून दिलेल्या होत्या, फक्त दोन वेगळ्या धड्यांत. तिचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, दोन्हीकडे पृष्ठभाग तिरका, कोन तोच, वजनही तेच. मग कोसाइन एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला कसा?"

वजन २० न्यूटन आणि कोन ३० अंश धरला तर पहिल्या ओळीतून १७.३ न्यूटन येतात आणि दुसरीतून २३.१. म्हणजे एकीकडे पृष्ठभाग वजनापेक्षा कमी जोराने ढकलतो, दुसरीकडे जास्त जोराने. फरक किरकोळ नाही. तास संपत आला होता. मी सांगितलं, "एकात वजनाचे घटक पाडतो, दुसऱ्यात अभिलंब बलाचे." तिने मान डोलावली आणि वही मिटली. पण मी जे सांगितलं ते आपण काय करतो याचं वर्णन होतं. तसं का करतो, हा तिचा प्रश्न तसाच राहिला.

मग मी त्या वर्गाच्या सगळ्या वह्या पुन्हा बघितल्या. तीन गोष्टी वारंवार दिसल्या. बऱ्याच जणांनी वजनाचा बाण काढला, त्याचे दोन घटकही काढले आणि बेरीज करताना तिन्ही धरले, म्हणजे वजन दोनदा मोजलं. काहींनी कोन कुठे आहे हे न बघता आडव्या घटकाला कोसाइन आणि उभ्या घटकाला साइन लावून टाकला. आणि जवळपास सगळ्यांनी अभिलंब बल म्हणजे वजनाच्या कोसाइनचंच दुसरं नाव आहे असं धरून चाललेलं दिसलं. गणितं सोडवतात, उत्तरंही बरोबर येतात, पण प्रश्नाचं चित्र थोडं बदललं की हात थांबतो.

तुम्ही घटक शिकवायला सुरुवात कुठून करता? त्रिकोणमितीतून, आकृतीतून की प्रयोगातून? आणि त्या मुलीला तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

ओळंबा

मी सुरुवात प्रयोगातून करतो, आणि तोही एकच प्रयोग, पूर्ण तास. साहित्य: एक ट्रॉली, एक गुळगुळीत फळी, दोन ताणकाटे, दोरा.

फळी ३० अंशांत तिरकी लावायची. ट्रॉलीला दोरा बांधून एक ताणकाटा उताराला समांतर वरच्या बाजूला अडकवायचा. ट्रॉलीचं वजन १० न्यूटन असेल तर काटा ५ च्या आसपास दाखवतो. आता दुसरा दोरा ट्रॉलीच्या मध्यावर बांधायचा आणि दुसरा ताणकाटा फळीला बरोबर काटकोनात, फळीपासून दूर असा हळूहळू ओढायचा. ८.७ न्यूटनच्या आसपास ट्रॉलीची चाकं फळी सोडतात. मग एका मुलाला फळी काढून घ्यायला सांगायचं.

फळी गेली तरी ट्रॉली जिथल्या तिथे, तशीच तिरकी, हवेत राहते. त्या क्षणी वर्गात जी शांतता होते ती मला दरवर्षी नव्याने आवडते. फळी आतापर्यंत काय करत होती ते मुलांना समोर दिसतं. ते काम आता दुसरा ताणकाटा करतोय.

यानंतर मी फळ्यावर पडताळा घेतो. ५ न्यूटनचा दोरा आडव्याशी ३० अंश करतो, त्याचा उभा भाग २.५. ८.७ न्यूटनचा दोरा आडव्याशी ६० अंश करतो, त्याचा उभा भाग ७.५. बेरीज १०, म्हणजे ट्रॉलीचं वजन. आडवे भाग ४.३ आणि ४.३, एकमेकांविरुद्ध. तीच दोन बलं दुसऱ्या अक्षांवर मोजली तरी हिशेब जुळतो. अक्ष आपण निवडतो, निसर्ग निवडत नाही, हे या आकड्यांमधून कळतं.

दोन सूचना. ताणकाट्याचं स्वतःचं वजन तिरक्या स्थितीत वाचनात थोडी गडबड करतं, म्हणून तिरकं धरूनच शून्य जुळवून घ्या. आणि दोन्ही दोऱ्यांच्या रेषा ट्रॉलीच्या गुरुत्वमध्यातून जातील असं बघा, नाहीतर फळी काढताच ट्रॉली फिरते.

शून्यबेरीज

कोनमापक ताई, त्या मुलीच्या प्रश्नावर थेट येतो, कारण तो प्रश्न फार मोलाचा आहे.

दोन्हीकडे पृष्ठभाग सारखा आहे, पण गती सारखी नाही. ठोकळा स्थिर आहे. तो घसरत असला तरी घसरेल उताराच्या दिशेने. उताराला लंब दिशेने तो ना आत जातो ना बाहेर येतो, म्हणजे त्या दिशेला त्वरण शून्य. म्हणून त्या दिशेला बलांची बेरीज शून्य लिहिता येते आणि अभिलंब बल वजनाच्या लंब घटकाएवढं निघतं. वळणावरची गाडी मात्र आडव्या वर्तुळात फिरते. तिचं त्वरण आडवं, वर्तुळाच्या केंद्राकडे. तिला उभ्या दिशेला त्वरण नाही. त्यामुळे शून्य बेरीज उभ्या दिशेला लिहायची, आणि मग अभिलंब बलाचा उभा घटक वजनाएवढा निघतो.

मी वर्गात विचारायला लावतो तो प्रश्न एवढाच: कोणत्या दिशेला त्वरण नाही? अक्ष तिथे लावा.

"पण सर, गाडीसाठीही उताराला लंब अक्ष घेतला तर?" असं कोणीतरी विचारतंच, आणि विचारायलाच हवं. घेऊन बघा. आडव्या त्वरणाचा उताराला लंब दिशेला एक भाग येतो, त्वरण × साइन थीटा. म्हणून अभिलंब बल = वजनाचा लंब घटक + वस्तुमान × त्वरण × साइन थीटा. ताईंच्या आकड्यांत पहिला भाग १७.३ आणि दुसरा ५.८. बेरीज २३.१. उत्तर तेच आलं, फक्त वाट लांबची झाली.

उलटही करून बघता येतं. घर्षण नसलेल्या उतारावर ठोकळा घसरतोय आणि कोणी उभा अक्ष घेतला, तर त्याला लक्षात ठेवावं लागतं की ठोकळा खालीही जातोय. ३० अंशांच्या उतारावर त्याच्या त्वरणाचा उभा भाग सुमारे २.४५ मीटर प्रति सेकंद वर्ग असतो. तो विसरला की अभिलंब बल × कोसाइन = वजन असं चुकीचं समीकरण हातात येतं. त्या मुलीच्या दोन ओळींतली दुसरी ओळ चुकून पहिल्या ठिकाणी वापरली जाते ती अशी.

शेवटचा बाक

मी विद्यार्थी आहे, इथे बोललं तर चालेल ना? मला साइन आणि कोसाइनची अदलाबदल खूप दिवस त्रास देत होती. आम्हाला पहिली सगळी उदाहरणं अशीच दिली होती की कोन आडव्या रेषेशी केलेला असायचा. त्यामुळे माझ्या डोक्यात कोसाइन म्हणजे आडवा घटक हे घट्ट बसलं. मग उतार आला आणि तिथे वजनाचा उताराच्या बाजूचा घटक साइन निघाला. मला वाटलं उतारासाठी नियम उलटा असतो, आणि मी तो वेगळा पाठ केला. उतारावर कोन वजनाच्या बाणापर्यंत कसा पोहोचतो हे अजूनही मला दर वेळी नव्याने काढावं लागतं.

ओळंबा

चालेल काय, तुझ्यासारख्यांनी बोललं तरच आम्हाला कळतं कुठे अडतंय ते.

दर वेळी नव्याने काढतोस यात काही बिघडत नाही. फक्त शेवटी एक तपासणी करत जा. उताराचा कोन शून्य कर. फळी आडवी झाली. आता ट्रॉली उताराच्या दिशेने ओढली जाईल का? नाही. मग उताराच्या बाजूच्या घटकात असं काहीतरी हवं जे शून्य अंशाला शून्य होतं. तो साइन. लंब घटक मात्र शून्य अंशाला पूर्ण वजनाएवढा हवा. तो कोसाइन. नंतर कोन ९० कर, फळी उभी झाली, सगळं वजन फळीला समांतर गेलं. तेही जुळतं. पंधरा सेकंद लागतात आणि काहीही पाठ करावं लागत नाही.

कोन कसा पोहोचतो त्यासाठी: आडव्या रेषेला लंब म्हणजे उभी रेषा, जिच्यावर वजनाचा बाण आहे. फळीला लंब म्हणजे अभिलंब रेषा. फळी आडवीपासून जेवढी फिरवशील तेवढीच तिची लंब रेषा उभ्यापासून फिरते. एक गुण्या घे आणि हातात धरून फिरव. दोन्ही कडा सोबतच फिरतात.

खडूफळा

शून्यबेरीज यांचं विश्लेषण अचूक आहे, पण मला वाटतं आपण एक पायरी गाळतोय. मी तीसेक वर्षं हा विषय शिकवला. अडचण अक्षांच्याही आधी सुरू होते. मुलांना टेबल वर ढकलतं हेच मनातून पटलेलं नसतं.

अमेरिकेतले शिक्षक जिम मिन्स्ट्रेल यांनी १९८२ साली याच गोष्टीवर लिहिलं होतं: टेबलावर स्थिर पडलेलं पुस्तक. बऱ्याच मुलांच्या मते टेबल पुस्तकाला फक्त अडवतं. ढकलायचं काम सजीवांचं, नाहीतर स्प्रिंगचं. वजनाचा बाण ती काढतात, वरचा बाण आपण सांगितला म्हणून काढतात. पुढे शिक्षण-संशोधक जॉन क्लेमेंट यांनी अशा ठिकाणी मधल्या पायऱ्यांचा पूल बांधायची पद्धत मांडली. हात स्प्रिंगवर दाबा, स्प्रिंग परत ढकलते हे सगळ्यांना मान्य असतं. मग पुस्तक जाड स्पंजवर ठेवा. मग दोन टेकूंवरच्या पातळ, लवचीक फळीवर ठेवा, ती वाकते. मग जरा जाड फळीवर. आणि शेवटी टेबलावर. टेबलही वाकतं, डोळ्याला दिसत नाही एवढंच. टेबलावर छोटा आरसा ठेवून त्यावरून प्रकाशाचा किरण दूरच्या भिंतीवर पाडला आणि टेबलावर कोणी भार दिला, तर भिंतीवरचा ठिपका सरकतो. माझ्या वर्गात या एका ठिपक्याने जेवढं पटवलं तेवढं माझ्या बोलण्याने कधी पटवलं नाही.

हे पटलं की पुढचं वाक्य मुलं जवळजवळ स्वतःच बोलतात: टेबल लागेल तेवढंच ढकलतं. पुस्तक जड असेल तर जास्त वाकतं, जास्त ढकलतं. म्हणजे अभिलंब बलाला स्वतःचं सूत्र नाही. वजनाला आहे, वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण. स्प्रिंगला आहे. अभिलंब बल, दोरीतला ताण आणि स्थितिक घर्षण (वस्तू घसरत नसतानाचं) ही तीन बलं परिस्थितीला लागतात तेवढी होतात. ती समीकरणातूनच निघतात. त्या मुलीच्या वहीत जी दोन सूत्रं आहेत ती अभिलंब बलाची सूत्रं नव्हेत, दोन वेगळ्या परिस्थितींतली उत्तरं आहेत. मी तिला पहिल्यांदा हे सांगितलं असतं.

आणि एक विनंती. वजन आणि अभिलंब बल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे असं अजूनही वर्गावर्गांतून सांगितलं जातं. ती जोडी नाही. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. वजनाची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते बल. ही चूक राहिली तर उतारावर दोन्ही बलं समान का नाहीत हे मुलांना कधीच समजणार नाही, कारण जोडी असती तर ती समान असायलाच हवी होती.

शून्यबेरीज

+१. मॅडम, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी तर शंभर टक्के सहमत. "लागेल तेवढं" हे शब्द मी उचलतोय.

दोरखंड

मी शिक्षक नाही. जड वस्तू क्रेनने उचलण्याच्या कामात आहे. घटकांचा धडा माझ्यासाठी रोजचा आहे, म्हणून लिहितोय.

क्रेनच्या एका हुकावर दोन दोर अडकवून ओझं उचलायचं असतं. नव्या माणसाला वाटतं ओझं १००० न्यूटन, दोर दोन, प्रत्येकावर ५०० आले. हे फक्त दोर अगदी उभे असतील तरच खरं. दोर आडव्याशी ६० अंश करत असतील तर प्रत्येकात ५७७ न्यूटन ताण येतो. ४५ अंशांना ७०७. ३० अंशांना पूर्ण १०००, म्हणजे दोन दोर असूनही प्रत्येकावर अख्ख्या ओझ्याएवढा ताण. १५ अंशांना १९३२. ओझं तेच, दोर तेच, फक्त दोर आखूड घेतला म्हणून कोन पसरट झाला. कामावर याचे तक्ते लावलेले असतात आणि ३० अंशांच्या खाली जाऊ नका असं आम्ही नवख्यांना पहिल्या दिवशी सांगतो.

कारण अगदी धड्यातलंच आहे. ओझं पेलतात ते फक्त ताणाचे उभे घटक. दोर जितका आडवा, तितका त्याचा उभा घटक लहान, म्हणून तेवढाच उभा घटक मिळवायला ताण वाढत जातो. बाकीची सगळी ओढ आडवी जाते आणि दोन दोर ती एकमेकांविरुद्ध वाया घालवतात. वाया घालवतात म्हटलं तरी दोराला ती सोसावी लागतेच, आणि ओझ्याला आतल्या बाजूला चेपतेही.

मुलांना हे हाताने जाणवून द्या. दोघांनी दोरीची दोन टोकं धरायची, मध्ये एक पिशवी लटकवायची आणि दोरी सरळ करून दाखवा म्हणायचं. पिशवी २० न्यूटनची आणि दोरी आडव्याशी ५ अंशांवर आली की ताण सुमारे ११५ न्यूटन होतो. १ अंशावर आणायला ५७३ लागतात. दोरी पूर्ण सरळ कधीच होत नाही, कितीही ताकदवान मुलं निवडा. सरळ दोरीला उभा घटकच नाही, मग पिशवीला धरणार कोण?

साखळी

हा धागा वाचताना फ्लेमिश गणिती सायमन स्टेव्हिन आठवल्याशिवाय राहत नाही. १५८६ साली, साइन-कोसाइनचा आधार न घेता, त्याने उतारावरच्या वजनाचा प्रश्न निव्वळ विचाराने सोडवला.

एक त्रिकोणी ठोकळा घ्या. पाया आडवा, एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब. त्याभोवती सारख्या १४ गोळ्यांची बंद माळ घाला. लांब उतारावर ४ गोळे, आखूड उतारावर २, उरलेले ८ खाली लोंबतात. माळ आपोआप एका बाजूला सरकेल का? सरकली तर एका गोळ्याच्या जागी दुसरा येतो आणि चित्र जसंच्या तसं राहतं. मग ती पुन्हा सरकेल, आणि कायम फिरत राहील. हे स्टेव्हिनला अशक्य वाटलं. म्हणून माळ स्थिर. आता खालचे ८ गोळे दोन्ही बाजूंना सारखेच लोंबत आहेत, ते काढून टाका. स्थिरता बिघडत नाही. उरतं काय? लांब उतारावरचे ४ गोळे आखूड उतारावरच्या २ गोळ्यांना तोलतात.

म्हणजे उंची तीच ठेवून उतार दुप्पट लांब केला की उताराच्या दिशेची ओढ निम्मी होते. ओढ म्हणजे वजन × (उंची ÷ उताराची लांबी), आणि उंची भागिले लांबी म्हणजेच आपला साइन. ही आकृती त्याला इतकी प्रिय होती की तिच्यासोबत "हे नवल आहे, आणि नवल नाहीही" अशा अर्थाचं वचन त्याने छापलं. बलांचा समांतरभुज चौकोन नीट मांडला गेला तो त्यानंतर शंभर वर्षांनी, १६८७ मध्ये, न्यूटन आणि फ्रेंच गणिती व्हॅरिन्यों या दोघांच्याही लेखनात.

मी ही माळ वर्गात फळ्यावर काढतो आणि दहा मिनिटं काहीच सांगत नाही. मुलांना वाद घालू देतो.

कोनमापक

सगळ्यांचे खूप आभार. खडूफळा मॅडम, "अभिलंब बलाला स्वतःचं सूत्र नाही" हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

तरी एक शंका उरली. शून्यबेरीज यांचं उत्तर मला पूर्ण समजलं, पण त्यात दोन समीकरणं, त्वरणाचे घटक असं सगळं येतं. पंधरा वर्षांच्या मुलीला हे एका चित्रात दाखवता येईल का?

साखळी

येईल. घटक बाजूला ठेवा आणि बलांचा त्रिकोण काढा. एका बाणाच्या टोकाला दुसऱ्या बाणाचं शेपूट.

खरखरीत उतारावर ठोकळा स्थिर आहे. तीन बलं: वजन, अभिलंब बल, घर्षण. समतोल आहे म्हणजे तीन बाण जोडले की त्रिकोण बंद व्हायला हवा. अभिलंब बल आणि घर्षण एकमेकांना काटकोनात. मग काटकोनासमोरची बाजू कोणती? वजन. वजन हा कर्ण आहे, म्हणून अभिलंब बल त्याच्यापेक्षा लहान.

आता गुळगुळीत वळणावरची गाडी. बलं दोनच: वजन आणि अभिलंब बल. दोघं एका रेषेत नाहीत, त्यामुळे जोडल्यावर आकृती बंद होत नाही, फट राहते. ती फट म्हणजेच परिणामी बल, आणि ते आडवं आहे, कारण गाडीचं त्वरण आडवं आहे. फट आडवी, वजन उभं, काटकोन या दोघांमध्ये. कर्ण कोण? अभिलंब बल. म्हणून ते वजनापेक्षा मोठं.

दोन्ही त्रिकोणांत कोन तोच ३० अंश, वजनाची लांबीही तीच. फक्त एकात वजन कर्ण आहे आणि दुसऱ्यात ती लगतची बाजू आहे. मुलीच्या वहीतला कोसाइन इकडून तिकडे गेला तो एवढ्यानेच.

कोनमापक

हेच हवं होतं! आत्ता कागदावर दोन्ही काढून बघितले. १ सेंटिमीटरला २ न्यूटन धरले. वजन दोन्हीकडे १० सेंटिमीटर. मोजपट्टीने मोजलं तर एकीकडे ८.७ आणि दुसरीकडे ११.५ सेंटिमीटर.

खडूफळा

फार सुंदर. मी मात्र एवढं म्हणेन की त्रिकोण काढायच्या आधी फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकटी वस्तू आणि तिच्यावरची बलं दाखवणारी आकृती, वेगळ्या चौकटीत काढून घ्या. त्या चौकटीत फक्त खरी बलं, आणि प्रत्येक बाणाशेजारी ते कोण लावतंय हे लिहायचं: पृथ्वी, फळी, दोरी. घटकांचे बाण तुटक रेषेने, आणि घटक काढले की मूळ बाणावर काट मारायची. ताईंनी सांगितलेली वजन दोनदा मोजण्याची चूक यानेच जाते. घटक मूळ बलाच्या जागी येतात, सोबत येत नाहीत. "कोण लावतंय" या रकान्याने अभिकेंद्री बल (वर्तुळाच्या केंद्राकडचं बल) नावाचा जादा बाणही आपोआप गळतो, कारण तो लावणारा कोणी सापडत नाही.

शेवटचा बाक

साखळी सर, हे चित्र आमच्या पुस्तकात का नाही? मी काल तीनदा काढलं.

आणि मला एक सापडलं तेही सांगतो. मोबाइलमध्ये फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं. त्यात गुरुत्वासह त्वरण हा पर्याय घेतला की तीन अक्षांवरचे तीन आकडे वेगळे दिसतात. मोबाइल टेबलावर सपाट ठेवला तर फक्त एक आकडा, ९.८ च्या जवळ. पुठ्ठ्यावर ठेवून लांब बाजू ३० अंश उचलली तर लांबीच्या दिशेला ४.९ आणि पडद्याला लंब ८.५ आले. म्हणजे मोबाइल स्वतःच घटक पाडून दाखवतो! मग मी तो गादीवर टाकला, तर पडताना तिन्ही आकडे शून्याजवळ गेले. हे कसं? गुरुत्व तर तेव्हाही होतंच.

खडूफळा

शाब्बास! तुझ्या प्रश्नात वरच्या सगळ्या चर्चेचं सार आहे. आतला सेन्सर म्हणजे समज, स्प्रिंगांवर बसवलेला एक छोटासा तुकडा. गुरुत्व तुकड्यालाही ओढतं आणि मोबाइलच्या चौकटीलाही, सारखंच. त्यामुळे एकट्या गुरुत्वाने स्प्रिंग दबत नाही. टेबल चौकटीला वर ढकलतं, चौकट स्प्रिंगमधून तुकड्याला ढकलते, तेव्हा आकडा येतो. तू पाहिलेले ९.८ हे टेबलाच्या ढकलण्याचे आहेत. पडताना ढकलणारा कोणी नाही, म्हणून शून्य. ज्या मुलांना टेबल ढकलतं हे पटत नाही त्यांना मी आता हा प्रयोग दाखवीन.

दोरखंड

एक राहिलं. बलांची बेरीज शून्य म्हणजे समतोल, एवढ्यावर थांबू नका. मोजपट्टीच्या दोन टोकांना सारखीच बलं विरुद्ध दिशांनी लावा, बेरीज शून्य आहे आणि पट्टी गरगर फिरते. आघूर्णांची, म्हणजे बलांच्या फिरवण्याच्या परिणामांची, बेरीजही शून्य हवी.

ओळंबा

बरोबर, आणि त्यासाठी शिडीसारखं उदाहरण नाही. गुळगुळीत भिंतीला टेकवलेली, २०० न्यूटन वजनाची, जमिनीशी ६० अंश करणारी शिडी. पायथ्याभोवती आघूर्ण घेतलं की भिंतीचं बल ५७.७ न्यूटन निघतं, शिडीची लांबी हिशेबातून गळून जाते. जमिनीचं घर्षणही तेवढंच, आणि जमिनीचं अभिलंब बल २००.

पण आधी मी हे पट्टी-पेन्सिलने करायला लावतो. एकमेकांना समांतर नसलेली तीन बलं वस्तूला समतोलात ठेवत असतील तर त्यांच्या रेषा एका बिंदूत मिळाव्या लागतात, नाहीतर कोणीतरी फिरवणारच. वजनाची उभी रेषा शिडीच्या मध्यातून काढा, भिंतीच्या बलाची आडवी रेषा वरच्या टोकातून. जिथे मिळतील तो बिंदू पायथ्याला जोडा. जमिनीचं एकूण बल त्याच रेषेवर. कोनमापकाने मोजलं तर जमिनीशी ७४ अंश येतात, शिडीपेक्षा जास्त उभं. मुलांना वाटत असतं जमीन शिडीच्या दिशेनेच ढकलते. तसं नाही, हे त्यांना स्वतःच्या आकृतीतून कळतं.

कोनमापक

आज तास झाला. सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लगेच लिहितेय.

ट्रॉलीचा प्रयोग केला. फळी काढायला तिलाच बोलावलं. नंतर दोन्ही त्रिकोण प्रत्येकाने मापात काढले. वर्गाचा अर्धा वेळ त्यातच गेला आणि मी जाऊ दिला. तिने मोजून झाल्यावर दोन्ही वजनांच्या बाणांवर एकच खूण केली आणि म्हणाली, "हा इथे कर्ण आहे, तिथे नाही." मी काहीही सांगितलेलं नव्हतं.

मग तिने दुसऱ्या त्रिकोणात कोन वाढवत नेला. ४५, ६०, ८०. अभिलंब बलाचा बाण कागदाबाहेर जायला लागला. तिने विचारलं, "रस्ता पूर्ण उभा केला तर हा त्रिकोण होणारच नाही ना? दोरी सरळ होत नाही तसंच?" दोरीचा खेळ आम्ही तासाच्या सुरुवातीला केला होता. मी हो म्हणाले. तर मागून एक मुलगा म्हणाला, "पण उभ्या भिंतीवर गोल गोल मोटरसायकल चालवतात, ते मी पाहिलंय." घंटा वाजली. उद्या याच्यापासून सुरुवात करायची आहे.

शून्यबेरीज

काय सुंदर तास! उद्या त्यांना आधी फ्री बॉडी डायग्राम काढू द्या. भिंत उभी, म्हणजे अभिलंब बल पूर्ण आडवं, त्याला उभा घटक नाही. गुळगुळीत भिंतीवर ती मुलगी बरोबर आहे, कितीही वेगाने जा, तोल जमणार नाही. वजनाला तोलणारा कोणी हवा, आणि "कोण लावतंय" या रकान्यात एकच नाव उरतं: चाक आणि भिंत यांच्यातलं घर्षण. वेग जितका जास्त तितकं भिंतीचं आडवं बल जास्त, आणि तितकं जास्त घर्षण मिळू शकतं. प्रत्यक्षात मात्र ते लागेल तेवढंच होतं, म्हणजे बरोबर वजनाएवढं. त्रिकोणाऐवजी तीन बाण: वजन खाली, घर्षण तेवढंच वर, आणि अभिलंब बल एकटं केंद्राकडे.

कोनमापक

आकृती काढायचं काम त्या मागच्या बाकावरच्या मुलाला देते. रकाना तिला भरायला सांगेन.